एक मेंबर जास्त

आमच्या गल्लीतले हिंदुराव आप्पा डोंगर चढताना तोंडानं फटफटी चालवतात. चालवतात म्हणजे अगदी किक मारण्यापासून. आधी उजवा पाय जमिनीवर आपटायचा, मग घशातून 'डुग् डुग् डुग्', मग ओठ थरथरवत 'भुर्रर्रर्र', की माणूस निघाला. वय सत्तरीच्या आसपास, अंगात पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात रबरी बूट, आणि त्यांच्या मागं आम्ही शिकलीसवरलेली माणसं रांगेनं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, आप्पांना झटकाबिटका आला. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांनी ती बाजूला सारली आणि म्हणाले, "उज्जे, मधी येऊ नगंस. पिकअप घ्यालोय!"

मी तिथंच गार.

बाहेरगावच्या वाचकांना आता पाडव्याची गोष्ट सांगायला हवी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवतात. अंग भादरून तेल लावलेलं, शिंगं रंगवलेली, त्यांना मोराची पिसं, पायात हुपरीचे चांदीचे तोडे. मालक सायलेन्सर काढलेली फटफटी घेऊन पुढं सुटतो आणि म्हैस त्या आवाजामागं पळते. भोवती दहा फटफट्या बोंबलत असल्या तरी तिला आपलीच बरोबर ओळखू येते. आप्पांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. पण त्यांची फटफटी मागंच भंगारात गेली. पोरगा नवी घेऊन द्यायला तयार होता, आप्पांना तिचा आवाज पसंत पडेना. "शिंकल्यागत वाजतीया," म्हणाले, आणि जुन्या गाडीचा आवाज स्वतःच काढायला शिकले. तेव्हापासून दर पाडव्याला आप्पा स्वतः पुढं पळायचे, तोंडानं भुर्रर्र करत, आणि त्यांची म्हैस बिजली मागं.

आता एवढं कमावलेलं कसब माणूस वर्षातून एकदाच कसं वापरणार? म्हणून डोंगरातही तेच.

या डोंगराच्या नादाला मी लागले ती गुडघ्यांमुळं. बिंदू चौकाजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा आप्पा म्हणाले, "रविवारी चल आमच्यासंगं. काय हुत न्हाय." हे 'काय हुत न्हाय' त्यांचं ठरलेलं वाक्य. अनुभवानं सांगते, ते उच्चारलं की पुढच्या पाच-दहा पावलांत काहीतरी होतंच. ओढ्याच्या काठावर 'काय हुत न्हाय' म्हणाले आणि दातांचे डॉक्टर पोवार यांचा परदेशी बूट वाहून गेला. डॉक्टरांचा स्वभाव गरीब, पण सामान भारी. मनगटावर उंची सांगणारं घड्याळ, हातात दोन घडीच्या काठ्या. त्या दिवशी ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात आप्पांचा टॉवेल गुंडाळून खाली उतरले. घड्याळ तेवढं इमानेइतबारे उंची सांगत होतं.

आमच्या कंपूतले चौथे सलीमभाई. यांचा टेम्पो आहे. तोच आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडतो, आणि सलीमभाई वरपर्यंत येतात ते खाण्यासाठी. हे ते स्वतःच सांगतात. "मी काय निसर्गबिसर्ग बघायला येत न्हाय. वर भाकरी लई ग्वाड लागतीया, म्हणून येतो."

तर या फटफटीला गिअर आहेत. जड, ओढल्यासारखा आवाज आला की पहिला गिअर, म्हणजे चढ. सलग भुर्रर्र म्हणजे सपाटी. 'पॅं पॅं' झालं की पुढं साप, घसरडं किंवा रानगवा. इंजिन फुटफुटत बंद पडलं की बसायचं. आम्हाला याची इतकी सवय झाली की विचारू नका. एकदा महाद्वार रोडवर भाजी घेताना शेजारून कुणाची तरी जुनी फटफटी गेली. भानावर आले तेव्हा मी तिच्या मागोमाग चार दुकानं पुढं चालत गेले होते! कोथिंबीर तिथंच राहिली. भाजीवाली बघतच बसली, आणि मी तर स्वतःवरच अशी हबकले की घरी जाऊन आधी चहा टाकला.

आप्पांच्या मते पाणी हे आजारी माणसानं प्यायचं. म्हणून ते डोंगरात घरचं दही न्यायचे, तेही डॉक्टरांच्या भारी सॅकमध्ये बरणी कोंबून. एकदा चढ चांगलाच खडा होता. डॉक्टर दोन तास धडपडत, गचके खात, तीनदा बुडावर आपटत वर पोचले. आप्पांनी बरणी उघडली तर आत ताक, आणि वर हा एवढा लोण्याचा गोळा! आम्ही तोंडं वासून बघत राहिलो. डॉक्टरांच्या पाठीवर लोणी निघालं होतं. आप्पांनी गोळा हातावर घेऊन डॉक्टरांकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमी दात कशाला उपटत बसलाय वो? ह्यात नाव काढशीला." त्या दिवशी कड्याच्या टोकावर बसून खाल्लेली ज्वारीची भाकरी, ते ताजं लोणी आणि ठेचा... खाली दरीत ढग सरकत होते आणि सलीमभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ठेच्यानं असेल म्हणा.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग गेल्या पाडव्याला बिजली मागं पडली.

म्हणजे वाईटच मागं पडली. शेजारच्या गल्लीतल्या म्हशी शिंगं उडवत निघून गेल्या आणि बिजली रमतगमत, आप्पांच्या मागं, शेवटची. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "आप्पा, ढकला तिला!" बिजली तशी वयाची झालेली, दूध तर दोन वर्षांपूर्वीच आटलेलं. आप्पांचा पोरगा सुनील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. पोरगा वाईट नाही, पण शिफ्ट करून दमून येतो आणि त्याला गाडी लावायला जागा हवी. त्या संध्याकाळी त्यानं चिडून व्यापाऱ्याला फोन लावला. सोमवारी येऊन म्हैस घेऊन जा, म्हणाला. भाकड म्हैस व्यापाऱ्याच्या गाडीत चढली की पुढं कुठं जाते, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे.

आप्पा तर चारचौघांत म्हणत सुटले, "जाऊ दे तिकडं भवानी! माझं आयुष्य खाल्लं तिनं." मला ते ऐकून धक्काच बसला. इतक्या वर्षांची म्हैस, आणि हा माणूस असा बोलतो?

शनिवारी त्यांचा फोन आला. "उज्जे, उद्या शाहूवाडीचा डोंगर. लवकर ये. आन् हे बघ, उद्या एक मेंबर जास्त हाय."

पहाटे गल्लीच्या तोंडाशी गेले तर टेम्पोत बिजली उभी!

शिंगं अजून पाडव्याच्या रंगात, एक लाल, एक हिरवं. डॉक्टर काठ्या हातात घेऊन पुतळ्यागत उभे. सलीमभाई टेम्पोच्या चाकाकडं अशा नजरेनं बघत होते की जणू त्याला माफी मागायची आहे. मी म्हटलं, "आप्पा, हे काय?"

"वरच्या सपाट सड्यावर धोंडूबाईचा धनगरवाडा हाय न्हवं? आपण ताक प्यालतो बघ. तिला इचारलंय. ती म्हणली, आणा की, आमच्या म्हशीत एक. जास्तीचं तोंड काय जड न्हाय." आप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "आज वर पोचली तर जगली. उद्या यापारी येणार. सुन्याला म्हायती न्हाय."

"पण आप्पा, म्हैस डोंगर चढेल?"

"काय हुत न्हाय."

झालं!

पायथ्याला बिजलीला उतरवायलाच बराच वेळ गेला. मग आप्पांनी किक मारली आणि आमची वरात निघाली. पुढं पहिल्या गिअरमध्ये आप्पा, मागं लाल-हिरव्या शिंगांची बिजली, मग डॉक्टर, मग मी, आणि सगळ्यात मागं सलीमभाई. त्यांच्या अंगावर ढकलायचं काम होतं, आणि म्हशीला मागून ढकलण्याचे जे काही परिणाम असतात ते सगळे त्यांनी त्या दिवशी भोगले. "भाकरीसाठी येत हुतो मी," ते शर्ट झटकत म्हणाले. "ह्यात कुठं अडाकलो!"

पण म्हैस चढत होती हो! खूर रोवत, फुसफुसत, दगड चुकवत. डॉक्टर निसरड्या वळणावर दोन काठ्यांनिशी आडवे झाले, बिजलीनं तिथंच जरा वास घेतला आणि बाजूनं नीट वर गेली. मी आयुष्यात इतकी चाट कधी पडले नव्हते.

निम्म्याच्या वर गेलो आणि फटफटी खोकली. मग फुर्र झाली. मग बंद. मला वाटलं विश्रांती. आप्पांनी वळून आमच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, पण आत नुसती हवा. घसा बसला होता. तासन्‌तास पहिला गिअर म्हणजे काय खायचं काम आहे?

आवाज बंद झालेला बघून बिजलीनं भर वाटेत फतकल मारली.

ओढून बघितलं, चुचकारून बघितलं, हिरवा पाला दाखवला. ढिम्म! वाट अशी की धड मागं फिरवता येईना. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना मी पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. ते हातानं खुणा करत होते, आवाज काढा, कुणीतरी आवाज काढा. डॉक्टरांनी घसा खाकरून प्रयत्न केला. शिलाई मशिनीसारखं काहीतरी वाजलं. बिजलीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. सलीमभाईंनी सवयीनं टेम्पोचा आवाज काढला, पण डिझेलला ती भीक घालेना.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी? मी नाही! माझं दुकान आहे गावात!"

आप्पांनी हात जोडले. त्या माणसानं कधी कुणापुढं हात जोडलेले मी बघितले नव्हते. म्हटलं, "करतो मी. पण गल्लीत कुणी बोललं तर बघा!" आम्हा कोल्हापूरच्या बायकांना तावात आल्यावर 'करते'बिरते सुचत नाही. मग पदर खोचला, आप्पांसारखा उजवा पाय दाणकन आपटला आणि सुरू केलं. डुग् डुग् डुग्. भुर्रर्रर्र.

बिजलीचा कान हलला. मग दुसरा. आणि ती भलीमोठी म्हैस पुढचे गुडघे टेकत, धापा टाकत उठून उभी राहिली!

मीच दचकून दोन पावलं मागं सरले. डॉक्टर ओरडले, "थांबू नका, थांबू नका!" इतकी वर्षं आप्पांच्या मागं चालून तो आवाज माझ्या अंगात मुरला होता आणि मला पत्ताच नव्हता.

निघालो. आता मी पुढं, पहिल्या गिअरमध्ये. आणि नेमका त्याच वेळी वरून पुण्याचा एक ट्रेकिंग ग्रुप उतरत आला. सगळे एकसारख्या निळ्या जर्किनमध्ये. पुढचा तरुण मला बघून जागेवर थिजला. "काकू, एव्हरीथिंग ओके?" मी काय बोलणार? बोलले असते तर म्हैस बसली असती. मी हातानं त्याला बाजूला हो म्हणून खुणावलं. हलेना, तेव्हा हॉर्न दिला. पॅं पॅं! सगळा ग्रुप झुडपात. मागनं सलीमभाई त्यांना समजावत होते, "काय न्हाय वो पावणं, ताईंची गाडी रनिंगमधी हाय."

फोन बाहेर निघालेले मी बघितले होते. नंतर आठवडाभर दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी मला न्याहाळायचं आणि मग नंबर तपासायला बसायचं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आप्पांवर आता आवाज काढायचं काम नव्हतं. ते बिजलीच्या शेजारून चालत होते, हात तिच्या पाठीवर. बसलेल्या घशानं तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते. मी पुढं दोन हातांवर, म्हणून मला ऐकू आलं.

"तू कुठली मागं पडतीस गं... माझ्याच पायात दम न्हाय ऱ्हायला. मला पळवंना. तू माझ्याफुडं कशी जाशील? कदी गेली न्हाईस. लोकं म्हणली, म्हस म्हातारी झाली. म्हटलो सुन्याला, आरं, मी झालोय. ऐकतोय व्हय त्यो..."

माझे डोळे भरून आले. नाक वाहायला लागलं. आणि तरी मला भुर्रर्र करतच राहायचं होतं. रडत रडत फटफटी चालवणं किती अवघड असतं हे मला कुणी विचारावं. मध्ये मध्ये इंजिन मिसफायर होत होतं. बिजलीनं ते चालवून घेतलं.

शेवटचा दगडांचा टप्पा संपला आणि एकदम मोकळा सडा समोर आला. पिवळं वाळलेलं गवत, मोठं आभाळ, लांबवर निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि मध्ये पाण्याचं तळं. तळ्यात धनगरांच्या म्हशी डुंबत होत्या. मी इंजिन बंद केलं आणि गवतावर आडवी झाले. डॉक्टरांनी घड्याळात उंची बघितली आणि कधी नव्हे ते कुणाला सांगितली नाही.

बिजलीनं पाणी बघितलं मात्र, सरळ चालत सुटली. दावं आप्पांच्या हातातून ओढून घेऊन गेली. पाण्यात शिरली, नाकापर्यंत बसली, दोन अनोळखी म्हशींच्या मध्ये. वळून बघायचं नाव नाही. आप्पा काठावर उभे राहून कितीतरी वेळ बघत होते.

"बगितलं बी न्हाय भवानीनं," ते शेवटी म्हणाले. माणूस चक्रावूनच गेला होता.

धोंडूबाई आली. काळी, काटक म्हातारी, बोलणं रोखठोक. म्हणाली, "सवयी सांगा तिच्या. मागनं तरास नगं."

आप्पा घोगऱ्या आवाजात सांगायला लागले. छत्री उघडलेली चालत नाही. भाकरीला गूळ लावला तरच तोंड उघडते. मानेखाली खाजवायचं, पण डावीकडून. मग जरा घुटमळले. "आनि सांच्याला जरा बोलाय लागतंय तिच्यासंगं. काय बी बोला. दिवसभर काय झालं, कोण भेटलं, कुणाचं काय. माणूस गप बसला की ती वैरणीला तोंड लावत न्हाय."

धोंडूबाईनं त्यांना खालीवर न्याहाळलं. "बोलतो की आमी. हितं काय, दिवसभर वराडतच असतोय." मग तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाली, "पर मला एक सांगा पावणं. तुमी आता सांच्याला कुणासंगं बोलणार?"

आप्पांनी डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. आम्ही तिघं इकडंतिकडं बघत राहिलो. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. सुनील शिफ्टवरून येतो तो कानात वायर घालूनच. हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नव्हता.

सोमवारी व्यापारी आला आणि रिकाम्या हातानं गेला. सुनीलनं आवाज चढवला, सगळ्या गल्लीनं ऐकला.

संध्याकाळी मी दुकान नेहमीपेक्षा लवकर बंद केलं आणि त्यांच्या गोठ्याकडं गेले. दार उघडंच होतं. गव्हाण धुऊन स्वच्छ केलेली, जमीन झाडलेली, आणि आप्पा कोपऱ्यातल्या दगडावर बसलेले. मला बघून म्हणाले, "काय गं? चष्मा नगं मला."

मी उंबऱ्यावर बसले. "बोला आप्पा."

"काय बोलू?"

"काय पण. दिवसभर काय झालं, कोण भेटलं, कुणाचं काय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि झटकन मान फिरवली. मला वाटलं रागावले, आता हाकलतील. मग त्या बसलेल्या आवाजात हळूहळू सुरू झालं. "सकाळी गंगावेशीत गेलतो... दूध कट्ट्यावर. ही गर्दी. त्यो तुकाराम भेटला. त्याच्या पोरीचं जमलंय म्हणं, गारगोटीकडं कुठंतरी..."

"हं," मी म्हटलं.

आप्पा थांबले. मी घाबरले. म्हटलं, "काय झालं आप्पा? काही चुकलं का माझं?"

"न्हाय," ते म्हणाले. "कोण हं म्हणलं की मी इसरतोय बघ काय सांगत हुतो त्ये. सवय ऱ्हायली न्हाय."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, जरा सावरून बसले, आणि तुकारामाच्या पोरीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.